एका घरातले तीन कायदे : सोलापुरातील एका किशोरवयीन मुलाच्या चोरीचे प्रकरण

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका यंत्रमाग कामगाराच्या कुटुंबाचे आहे. मी शाळेतील समुपदेशक म्हणून या कुटुंबाबरोबर ऑगस्टपासून मार्चअखेरपर्यंत काम केले. मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि घरातील दोन मुलांना मी केवळ थोरला आणि धाकटा असेच म्हणणार आहे. ते सोयीचेही आहे, कारण एकाच छपराखाली वाढणाऱ्या या दोन भावांमधील फरक हाच या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग ठरला.

थोरला पंधरा वर्षांचा, दहावीत शिकणारा. वडील ज्या कारखान्यात चादरीच्या मागावर काम करतात, त्याच कारखान्याच्या मागील पडवीतून त्याने दोन मित्रांच्या मदतीने सुताच्या कोनांची (सूत गुंडाळलेल्या शंकूंची) एक गोणी उचलली. मालकाच्या हिशेबाने त्या सुताची किंमत २४०० रुपये होती. मुलांनी ते ९०० रुपयांना विकले आणि थोरल्याच्या वाट्याचे पैसे मोबाइलवरील पैशांच्या खेळात दोन दिवसांत संपले. (असे खेळ तेव्हा सर्रास चालत, त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केला.) चोरी उघडकीस आली तेव्हा मालक पोलिसांत गेला नाही. त्याने २४०० रुपये वडिलांच्या नावावर उचल म्हणून मांडले आणि विषय संपवला. वडिलांनी त्या रात्री मुलाला इतके मारले की तो चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी वर्गशिक्षिका त्याला माझ्याकडे घेऊन आल्या, आणि पहिले काम म्हणून आम्ही त्याला दवाखान्यात नेले.

मालकाने तक्रार केली असती तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेले असते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्या दोघांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. मुलाला ताब्यात घेतल्यास चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते, आणि परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याला पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावा लागतो. घरात कोण कोण आहे, मुलाचा दिवस कोणाच्या नजरेखाली जातो, शिस्त कोण लावते, हे त्या अहवालात येणारे प्रश्नच माझ्याही टिपणवहीत पहिल्या पानावर होते. मालकाचा तो मोठेपणा होता की अनुभवी कारागीर गमवायचा नाही असा हिशेब, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही. मुलाच्या दृष्टीने मात्र त्यातून एक विचित्र धडा तयार झाला : चोरी त्याने केली, पैसे वडिलांनी फेडले, आणि मार खाऊन झाल्यावर त्याच्याकडे करण्यासारखे काही उरलेच नाही.

पहिल्या दोन भेटींत सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. बाप एवढा कडक असून पोरगा असा कसा निघाला? शिक्षकांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, खुद्द वडिलांनीही विचारला. प्रश्नातच असे गृहीत धरलेले होते की कडकपणा म्हणजे शिस्त आणि शिस्तीतून आत्मनियंत्रण येते. म्हणून आधी घराकडे पाहणे आवश्यक होते.

कुटुंब घरी तेलुगू बोलते, मुले मराठी शाळेत शिकतात. थोरला दोन वर्षांचा असताना आईवडील भिवंडीला मागाच्या कामासाठी गेले आणि त्याला सोलापुरात आजीजवळ ठेवले. धाकटा भिवंडीतच जन्मला. थोरला सात वर्षांचा असताना सगळे पुन्हा सोलापुरात एकत्र आले. म्हणजे ज्या वयात मूल ‘थांब’ या शब्दाचा अर्थ शिकते, ती पाच वर्षे थोरल्यासाठी आजी हेच सरकार होते, आणि मग एके दिवशी घरात असा एक माणूस आला, ज्याला तो वडील म्हणून ओळखत असला तरी ज्याच्या रागाची त्याला अजिबात सवय नव्हती. वडील बारा तासांची पाळी करतात, एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची. आई दारात सूप मांडीवर घेऊन दिवसाला सुमारे हजार विड्या वळते आणि त्या कारखान्यात पोहोचवून येते. आजीला श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १५०० रुपये मिळतात.

मायकेल गॉटफ्रेडसन आणि ट्रॅव्हिस हर्शी या दोन अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये जो सिद्धान्त मांडला, त्याचा गाभा फार साधा आहे. तात्काळ सुखाचा मोह, परिणामांचा विचार न करणे, धोक्याची ओढ, चटकन भडकणे ही लक्षणे ज्याच्यात एकवटतात, त्याचे आत्मनियंत्रण कमी असते. आणि हे नियंत्रण लहानपणी घरातच घडते. त्यासाठी पालकांना तीन गोष्टी कराव्या लागतात : मुलावर लक्ष ठेवणे, चुकीचे वर्तन चुकीचे म्हणून ओळखणे आणि ते दुरुस्त करणे. या तिन्हींच्या मुळाशी मुलाविषयीची आस्था असावी लागते, असेही ते म्हणतात. या सिद्धान्तावर बरीच टीका झाली आहे आणि तीतली काही रास्तही आहे. पण या घरात शिरताना मला तीच तीन पावले कंदिलासारखी उपयोगी पडली, कारण तिन्ही पावले घरात होती. ती तीन वेगवेगळ्या माणसांकडे होती आणि ती माणसे एकमेकांशी बोलत नव्हती.

आईला सगळे ठाऊक होते. थोरला शिकवणीला जातो म्हणून निघतो आणि पुलाखाली बसतो, मित्राच्या मोबाइलवर पैसे लावतो, तिच्या डब्यातले शंभर-पन्नास रुपये अधूनमधून जातात, हे तिने मला पहिल्याच भेटीत क्रमाने सांगितले. तिचे लक्षही होते आणि चूक कोणती याची जाणीवही स्पष्ट होती. पण नवऱ्याला सांगितले तर तो मुलाला झोडपेल, म्हणून तिने ते पोटात ठेवले. आपण काही बोललो तर मुलगा आजीकडे जाऊन बसतो, म्हणून त्यालाही बोलली नाही. ज्ञान होते, दुरुस्ती नव्हती.

वडिलांकडे नेमकी उलट स्थिती होती. त्यांच्या हातात दुरुस्तीचा सगळा अधिकार होता, पण काय घडते आहे याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. मग त्यांची शिक्षा मुलाच्या वर्तनाशी जोडली न जाता त्यांच्या स्वतःच्या दिवसाशी जोडली गेली. मजुरी नगावर असते. वीज गेली, ताणा वारंवार तुटला, चादरीत दोष निघून पैसे कापले गेले, तर त्या रात्री उंबऱ्यात आडवी पडलेली चप्पलही मारायला पुरेशी होई. ज्या दिवशी माग चांगला चालला, त्या दिवशी शाळेतून आलेली तक्रारही हसण्यावारी जाई. थोरल्याला मी विचारले की मार कधी पडतो. त्याने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, “सायकल कशी टेकवतात त्यावरनं कळतंय.” सायकल भिंतीला हळू टेकली तर ठीक, आदळली तर घराबाहेर पडायचे. आठ वर्षांत हा मुलगा आपल्या कृतीचे परिणाम ओळखायला शिकला नव्हता. त्याऐवजी तो वडिलांचे हवामान अचूक वर्तवायला शिकला होता. त्यात तो हुशारच होता.

आणि आजी. तिच्याविषयी कठोर लिहिणे मला अवघड जाते, कारण पाच वर्षे त्या मुलाला तिनेच जगवले. तिच्या दृष्टीने थोरला अजूनही आईवडिलांनी मागे ठेवलेले दोन वर्षांचे लेकरू होता आणि त्याला नाही म्हणणे म्हणजे तो अन्याय पुन्हा करणे होते. पेन्शनमधले पैसे ती त्याला देई. डब्यातले पैसे गेले तर “मीच घेतले होते” असे सुनेला सांगे. चोरी कळल्यावर तिचे वाक्य होते, “पोरं आहेत, चालायचंच.” ती सगळे पाहत होती, पण चूक म्हणून ओळखायला तयार नव्हती.

डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या ज्या शैली वर्णन केल्या, त्यांत हुकमी पालक आणि मोकळे सोडणारे पालक हे दोन वेगळे प्रकार आहेत. आपल्याकडच्या एकत्र घरांत ही विभागणी तशीच्या तशी लागू करता येत नाही, हे मला या प्रकरणात प्रकर्षाने जाणवले. येथे दहा बाय बाराच्या खोलीत हुकमी बाप, मोकळीक देणारी आजी आणि सारे जाणून गप्प राहणारी आई एकाच वेळी नांदत होते, आणि मूल प्रत्येक प्रसंगी स्वतःला सोयीचा कायदा निवडत होते.

धाकटा अकरा वर्षांचा. त्याच वडिलांचा मार त्यालाही पडतो, तोच मोहल्ला, तीच शाळा. त्याच्याविषयी कधी तक्रार आली नाही. भिवंडीची पाच वर्षे हा एक फरक झाला. दुसरा फरक मला त्यांच्या दारात बसून दिसला. शाळेतून आल्यावर धाकटा आईसमोर बसकण मारतो आणि ती विड्या वळत असताना दिवसभराचे सगळे सांगत राहतो. कोणी ढकलले, कोणाची पेन्सिल आपण घेतली आणि परत केली नाही, सगळे. आईचे डोळे हातातल्या पानावर असतात, बोटे दोरा गुंडाळत असतात, मध्येच ती एवढेच म्हणते, “उद्या देऊन टाक.” स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० मध्ये दाखवून दिले होते की पालकांना मुलांविषयी जी माहिती असते, ती मुख्यतः पाळत ठेवून मिळालेली नसते, मुलांनी आपणहून सांगितल्याने मिळालेली असते, आणि विचलित वर्तन कमी असण्याशी या सांगण्याचाच संबंध अधिक दृढ असतो. थोरल्याचे सांगणे कधी सुरूच झाले नव्हते. सात वर्षांचा होऊन तो या घरात आला तेव्हा आईसमोरची ती जागा तीन वर्षांच्या धाकट्याने आधीच घेतली होती.

वाट पाहण्याच्या क्षमतेविषयीही येथे काही सांगितले पाहिजे. आता एक गोळी खा किंवा थोडे थांबून दोन मिळव, ही वॉल्टर मिशेल यांची जुनी परीक्षा बहुतेक वाचकांच्या कानावर आली असेल. २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी तिला एक जोड दिली. काही मुलांना आधी मोठ्या माणसाने शब्द पाळल्याचा अनुभव दिला, काहींना शब्द मोडल्याचा. पहिल्या गटातील मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, दुसऱ्या गटातील सुमारे तीन मिनिटे. थोरल्याला सातवीत सांगितले होते की आठवी पास झालास की सायकल. आठवीत ते पैसे घरभाड्यात गेले. मग नववीत मोबाइल मिळणार होता. तेव्हा वडिलांनी नातेवाइकाच्या लग्नासाठी उचल घेतली. प्रत्येक वेळी कारण खरे होते आणि एकदाही ते मुलाला सांगितले गेले नव्हते. “नंतर” या शब्दावर ज्याचा दोनदा तोटा झाला आहे, त्याने ९०० रुपये लगेच खर्चून टाकले, यात मला अविचारापेक्षा अनुभव अधिक दिसला.

माझ्याकडूनही सुरुवातीला चुका झाल्या. पहिली चूक अशी की मी वडिलांना सकाळी अकरा वाजता शाळेत बोलावले. त्यांची अर्धी पाळी बुडाली, मजुरी बुडाली, आणि त्या रात्री सायकल भिंतीवर आदळली. दुसरी चूक माझ्या पेशातली होती. मी थोरल्याकडून आत्मनियंत्रण मोजणारी चोवीस विधानांची प्रश्नावली भरून घेतली, त्यात तो अपेक्षेप्रमाणे ‘कमी’ निघाला, आणि मी तीन आठवडे त्याला राग आवरण्याचे आणि निर्णयापूर्वी थांबण्याचे सराव देत राहिले. तो ते नेमाने करी. घरी काहीही बदलले नाही, कारण मी मुलाच्या डोक्यात दुरुस्ती करत होते आणि बिघाड तीन मोठ्या माणसांच्या मधल्या जागेत होता.

त्यानंतरच्या भेटी रविवारी, त्यांच्या घरी, तिघा मोठ्यांबरोबर घेतल्या. मुलाला मारहाण करणे हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो, हे मी वडिलांना स्पष्ट सांगितले. पण त्यांच्यावर परिणाम झाला तो त्याचा नव्हे. शिक्षा चुकीनंतर लगेच, लहान आणि दर वेळी सारखी असावी, एवढे मी सांगत असताना त्यांनी मला मध्येच थांबवले. “मॅडम, म्हणजे धागा तुटला की तिथंच माग थांबवायचा. पुढं विणत गेलं तर दोष चादरभर जातोय, मग शेवटाला कारागिराला शिव्या देऊन काय उपयोग?” मी कितीही पुस्तके चाळली असती तरी मला इतके नेमके उदाहरण सापडले नसते.

दोनच नियम ठरले आणि ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिले. साडेआठपर्यंत घरी यायचे. आणि सुताचे २४०० रुपये थोरल्याने स्वतः फेडायचे. यंत्रमागावर या वयाच्या मुलाला कामाला लावायचे नव्हते, म्हणून त्याने पहाटे वर्तमानपत्रे टाकण्याचे काम धरले. त्यासाठी सायकल हवी होती. वडिलांनी दसऱ्याला जुनी सायकल आणून देतो असा शब्द दिला आणि, मला वाटते त्या घरात पहिल्यांदाच, ठरलेल्या दिवशी ठरलेली वस्तू आली. दर रविवारी थोरला १०० रुपये वडिलांच्या हातात ठेवी आणि वडील दिनदर्शिकेवर आकडा लिहून सही करीत. आईकडे काम होते ते एवढेच की कळलेली गोष्ट त्याच रात्री नवऱ्याला सांगायची, आणि वडिलांकडे काम होते की ऐकल्यावर हात न उचलता ठरलेलीच शिक्षा द्यायची. दुसरे काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड होते; ऑक्टोबरात ते एकदा मोडलेही, आणि वडिलांनी ते मला स्वतःहून सांगितले.

खरी परीक्षा जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत झाली. अक्षता सोहळ्याच्या (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या) रात्री थोरला होम मैदानावर मित्रांबरोबर पाळण्यांत रमला आणि साडेअकराला घरी आला. ठरल्याप्रमाणे उशिरा येण्याची किंमत दोन संध्याकाळी घरात बसणे ही होती, आणि त्या दोन संध्याकाळींतच शोभेचे दारूकाम येत होते. सोलापूरच्या मुलाला त्या रात्री घरी ठेवणे म्हणजे काय, हे सोलापूरबाहेरच्या वाचकाला समजावणे कठीण आहे. आजीने जेवण सोडले. वडील, जे एरवी मारून मोकळे झाले असते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याला खांद्यावर हात टाकून दारूकामाला घेऊन गेले असते, गोंधळले. मारणे सोपे होते आणि माफ करणेही सोपे होते, फक्त शांतपणे नाही म्हणणे त्यांना येत नव्हते. बोलली ती आई. सूप बाजूला ठेवून तिने सासूला तेलुगूत सांगितले की पोराला उपाशी राहून वाचवता येणार नाही, आणि थोरल्याला सांगितले की दारूकाम पुढच्या वर्षीही आहे. तो रात्रभर घुमसत राहिला, घराबाहेर मात्र गेला नाही. आवाज गच्चीवरून ऐकला, असे त्याने मला नंतर सांगितले. धाकटाही त्याच्याबरोबर गच्चीवर बसला होता.

या प्रकरणातून किती निष्कर्ष काढायचा, याबाबत मी सावध आहे. जुळ्या भावंडांवरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार माणसामाणसांतील आत्मनियंत्रणाच्या फरकाचा सुमारे ६० टक्के भाग अनुवंशिक असतो. थोरला पाळण्यातही धाकट्यापेक्षा अस्वस्थ होता, असे आई सांगतेच. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दाखवलेला भेदही विसरता येत नाही : बरीच मुले किशोरवयापुरती वाट सोडतात आणि मोठी होताना आपोआप परततात, थोडीच मुले बालपणापासून आयुष्यभर त्याच वाटेवर राहतात. थोरला पहिल्या गटातला असेल तर माझ्या मध्यस्थीशिवायही तो सावरला असता. गॉटफ्रेडसन आणि हर्शी यांचे म्हणणे असे की आत्मनियंत्रणाची पातळी आठ-दहा वर्षांच्या वयापर्यंत बहुतांशी ठरून जाते. तसे असेल तर पंधराव्या वर्षी मी फारसे काही बदललेले नाही, फक्त घरातले कुंपण नीट बांधले. हे मला पटते. थोरला अजूनही उतावळाच आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने वर्गातल्या एकाशी मारामारी केली. फरक एवढा पडला की ती त्याने संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगितली, आईने रात्री वडिलांना, आणि सोमवारी वडील पाळी सुरू होण्यापूर्वी सायकलवर टाकून त्याला त्या मुलाच्या घरी घेऊन गेले.

आजीचे पैसे देणे थांबलेले नाही. पेन्शन आली की ती अजूनही वीस-पन्नास रुपये त्याच्या खिशात सरकवते, मात्र आता सुनेच्या देखत. मार्चच्या शेवटच्या रविवारी मी प्रकरण बंद केले तेव्हा दिनदर्शिकेवर २१०० रुपयांपर्यंतच्या सह्या झाल्या होत्या. उरलेल्या ३०० रुपयांसाठी वडिलांनी एप्रिलच्या पानावर तीन रविवारांभोवती आधीच गोल करून ठेवले होते.